छोरोल आणि लाकडी फावडं

गेलेक लामांनी छोरोलकडे नीट पाहिलं ते पहिल्यांदा ओढ्याच्या पलीकडून. त्याआधी चौदा वर्षं ती त्यांच्या लेखी दिव्यासाठी लोण्याचा गोळा मठाच्या दारात ठेवून, मान खाली घालून परत जाणारी एक विधवा होती. त्या वर्षी गोंपाच्या, म्हणजे मठाच्या, दिव्याची पाळी तिच्या घराकडे आली होती, म्हणून किल्ली तिच्या कमरेला.

दोन दिवस पाऊस हटत नव्हता. असा पाऊस म्हाताऱ्यांनाही आठवत नव्हता. लामा पलीकडच्या वाडीत मयताच्या पाठाला गेले होते. परतताना पाहतात तो सफेद्याच्या झाडाच्या दोन ओंडक्यांचा पूल वाहून गेलेला. गावातले पुरुष पाटाचं तोंड बंद करायला वर डोंगरात. समोर कातळावर गोंपा, आणि दारात छोरोल, दोन्ही हात हलवत, लामांना ‘मेमे-ले’, म्हणजे आजोबा, अशी हाक मारत.

“मेमे-ले! गोनखांगमध्ये टपटप ऐकू येतंय! दाराला कान लावून आलेय!”

गोनखांग म्हणजे रक्षक देवतेची अंधारी खोली. देवतेचा चेहरा वर्षातून एकदाच उघडायचा, एरवी त्यावर कापड. बायकांनी तिथला उंबरा ओलांडायचा नाही. आणि मूर्ती कच्च्या मातीची. धार लागून राहिली तर संध्याकाळपर्यंत चिखल.

“कुलूप काढ! आत जा, मूर्तीवर काहीतरी टाक!”

“मी? आत?”

“मी सांगतोय ना! दोष माझ्या माथी!”

“तुमच्या माथी कसा? पाय तर माझे जाणार!”

“अगं हट्टी गाढविणी, मूर्ती गेल्यावर ते पाय काय पुजायचेत?”

तिनं मान वर करून छताकडे पाहिलं. मग ओरडली, “छतावर जाते!”

गोनखांगचं छत म्हणजे थेट देवतेचा माथा. देवतेच्या डोक्यावर कुणी उभं राहत नसे. डागडुजीला चढणारे पुरुषही अनवाणी जात, क्षमा मागत, आणि सारवून झालं की लगेच उतरत. शिवाय मातीचं सपाट छत भिजून जड झालेलं. जुन्या तुळया कधी मान टाकतील याचा नेम नव्हता. तुळई मोडली असती तर छोरोल चिखलासकट देवतेच्या अंगावर.

“जाऊ नकोस!” ते ओरडले. पण ती शिडीला लागली होती. पाठीवर चिकणमातीचं पोतं, पाय अनवाणी.

छताच्या कडेला ती थांबली आणि वळली.

“मेमे-ले, भोक माझ्यामुळेच पडलंय! हिवाळ्यात छतावरचा बर्फ काढताना लाकडी फावडं मोडलं. मग रस्त्यावरच्या मजुरांचं लोखंडी आणलं, लांब दांड्याचं! देवतेच्या डोक्यावर पाय नको म्हणून कडेला उभी राहून खरवडत ओढलं. वरचा मातीचा थर सोलला गेला!”

“वसंतात का नाही सांगितलंस?”

“लाज वाटली!”

मग ती ओणवी झाली आणि हातापायांवर रांगत मध्ये गेली. लामा भिंतीबाहेर आलेल्या तुळयांच्या टोकांकडे बघत मंत्र पुटपुटत होते, पण शब्द पुढेमागे होत होते. ती माती मळून खड्ड्यात दाबायची, पाऊस ती धुऊन न्यायचा. पुन्हा दाबायची. तिसऱ्यांदा तिनं थंडीसाठी पाठीवर बांधलेलं बकरीचं कातडं सोडलं, ओल्या मातीवर केसांची बाजू खाली करून पसरलं, कडा मातीनं लिंपल्या आणि वर स्वतःच बसली. छत मध्यभागी किंचित खचलं. छत तेवढ्यावरच थांबलं.

पुरुष उतरून आले तोवर ती बसून होती. ओठ निळे पडलेले.

दोन दिवसांनी लामांना दोरावरून अलीकडे आणलं. त्यांनी गोनखांग उघडलं. पाण्याचा बोटभर ओघळ देवतेच्या खांद्यावरून चेहऱ्याच्या कापडापर्यंत आला होता आणि तिथंच वाळला होता.

गावातले म्हातारे मेमे स्तोबगैस कुरकुरले, “बाईमाणूस देवतेच्या डोक्यावर चार तास बसलं. याचं काय करायचं?”

“पुढच्या पावसाला तुम्ही बसा,” लामा म्हणाले. “तुमचं वजनही जास्त आहे.”

छोरोल हसली नाही. तिनं पुढच्या महिन्यात विलोच्या फळीचं नवं फावडं करून घेतलं.

आता ती एकाहत्तर वर्षांची आहे. फावडं तिच्या दाराशी टांगलेलं असतं. पहिला बर्फ पडला की गोंपाच्या छतावर तिच्याआधी कुणी चढत नाही.

गोनखांगच्या आत ती अजून गेलेली नाही.