गाडी होऊन राहिली

आनंदा मिस्त्रीनं मोटार खोलून पुन्हा जोडली की दोन-चार नट-बोल्ट हमखास उरायचे. ते तो एका पत्र्याच्या डब्यात टाकून ठेवी. आमच्या बैठकीचंही तसंच होतं. गप्पा संपून सगळे उठले तरी एखादा किस्सा उरायचाच, आणि तो टाकून देववायचा नाही. डॉक्टर आपट्यांच्या मोटारीचे असे बरेच किस्से माझ्याजवळ साचलेत. आज डबा उपडा करतो.

बैठक म्हणजे काय, अमरावतीत अंबादरवाज्याजवळ डॉक्टरांचा दवाखाना होता, त्याच्या ओसरीवर संध्याकाळी आम्ही तिघं जमायचो. डॉक्टर, वानखडे मास्तर आणि मी. माझी वकिली नवी होती, त्यामुळे गप्पांना वेळ भरपूर. मास्तर आणि मी इथलेच, वऱ्हाडी. डॉक्टर पुण्याचे.

डॉक्टरांच्या सासऱ्यांचा, अण्णासाहेबांचा, पुण्यात चालता दवाखाना होता. जावयानं त्यात बसावं ही त्यांची इच्छा. डॉक्टरांना मात्र स्वतःचं काही करायचं होतं. निघताना अण्णासाहेब म्हणाले होते, "दिवाळीपर्यंत बघा. जमलं तर राहा, नाहीतर इथली खुर्ची मोकळीच आहे."

जमायचं म्हणजे खेड्यापाड्यांतून बोलावणी आली पाहिजेत, आणि आली की वेळेवर पोचता आलं पाहिजे. बाकीचे डॉक्टर बैलांच्या दमणीतून जात. यांनी मोटार घेतली, तीही जुनी. म्हणजे डॉक्टर अमरावतीत राहणार की नाही हे मोटारीवर होतं, आणि मोटार होती आनंदाच्या हातात. या माणसाचा भरवसा धरावा की नाही, हा एकच विषय आम्ही त्या वर्षी पावसाळाभर चघळला.

*

मोटार होती कॅम्पातल्या एका इंग्रज साहेबाची. त्याची बदली जबलपूरला झाली आणि जाताना तो ती डॉक्टरांच्या गळ्यात बांधून गेला. टप कापडी, हॅंडल मारून सुरू करायची आणि आवाज असा की पलीकडच्या आळीतली कुत्री जागी व्हायची. कोरड्या रस्त्यावर बरी चालायची, पण वाटेत नाला आला, चाकं पाण्यात गेली, की मधोमध बसायची. धक्का मारा, हॅंडल मारा, शिव्या द्या, ढिम्म.

पहिल्या महिन्यातच गावानं तिचं बारसं करून टाकलं. 'डाक्टरची म्हैस'. पाणी दिसलं की बसते, म्हणून!

*

आनंदा जातीचा माळी. बडनेऱ्याच्या रस्त्याला त्यांचा भाजीचा मळा होता. भाऊ वांगी-मेथी लावायचे, आणि हा एका कापसाच्या जिनात इंजिनाजवळ काम करून मिस्त्री होऊन परत आलेला. मळ्यातल्या निंबाखाली त्यानं गॅरेज थाटलं होतं. स्वतःबद्दल त्याचं मत फार चांगलं होतं. बॉनेटला कान लावून, डोळे मिटून तो मोटार ऐकायचा आणि मग वैद्यासारखं विचारायचा, "कालच्याले कुठी गेलती हे?"

पहिल्याच दुरुस्तीनंतर डॉक्टरांना चटईवर उरलेले बोल्ट दिसले. हे कुठले, म्हणून त्यांनी विचारलं. आनंदानं डबा पुढे ओढला आणि बोल्ट आत टाकत म्हणाला, "जास्तीचे हायेत. विलायती लोकायचं कामच असं, जिथं एक पुरते तिथं दोन लावते."

डॉक्टरांनी त्या संध्याकाळी ओसरीवर हे सांगितलं. मास्तर म्हणाले, "डॉक्टर, हा माणूस तुमचा घात करणार." मला मात्र कुतूहल वाटलं. बोल्ट उरूनही मोटार चालत होतीच की!

*

आता खरं भांडण कशावरून झालं ते सांगतो.

डॉक्टर आले तेव्हा आपल्याला इथली बोली समजते असं त्यांना वाटायचं. एक शेतकरी दवाखान्यात आला, पोटावर हात ठेवून म्हणाला, "डाक्टरसाहेब, पोट दुखून राहिलं." डॉक्टर खूश झाले. पुण्यात पाऊस राहिला म्हणजे थांबला. तेव्हा दुखून राहिलं म्हणजे दुखायचं थांबलं! "राहिलं ना? मग आता काळजी नको," म्हणून त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि घरी पाठवला. तो बिचारा कण्हत कण्हत गेला, आणि हा डॉक्टर दुखणाऱ्याला तसाच परत धाडतो अशी गावभर बोंब झाली. आमच्याकडे दुखून राहिलं म्हणजे आत्ता, या घडीला दुखतंय, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. आम्हालाही ते सांगायची गोष्ट आहे हे कुठं ठाऊक होतं?

त्याच आठवड्यात ब्रेक दुरुस्तीला टाकले होते. डॉक्टर आणि मी मोटार आणायला मळ्यात गेलो. आनंदा विहिरीवर हात धूत होता. डॉक्टरांनी लांबूनच विचारलं, ब्रेक झाले का? तो म्हणाला, "होऊन राहिले ना साहेब."

डॉक्टरांनी हॅंडल मारलं, आत बसले. मी काही बोलायच्या आत मोटार उतारावरून निघाली. ब्रेक निम्मे आनंदाच्या चटईवर होते. मोटार वांग्यांच्या वाफ्यातून गेली आणि कारल्याच्या मांडवात शिरून थांबली. डॉक्टर बाहेर आले तेव्हा त्यांच्या टोपीवर वेल होता.

डॉक्टर एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी ओरडलेच. "झाले म्हणालास ना तू? खोटं बोललास!"

आनंदाही तापला. त्याच्या भावाची वांगी गेली होती. "म्या कुठी म्हटलं झाले? होऊन राहिले म्हटलं!"

"होऊन राहिले म्हणजे झालेच ना!"

"झाले म्हंजे झाले. होऊन राहिले म्हंजे होऊन राहिले!"

दोघं माझ्याकडे बघायला लागले. वकील ना मी! एका शब्दावरून माणूस खोटारडा ठरताना मी कोर्टात पाहिला होता, पण कारल्याच्या मांडवात पहिल्यांदाच. मी डॉक्टरांना अर्थ समजावला. त्यांनी टोपीवरचा वेल काढला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे त्या माणसाचं पोट..." आणि तसेच माझ्याबरोबर पायी त्या शेतकऱ्याच्या घरी निघाले.

*

पण शब्द समजला म्हणून माणूस समजतो असं नाही.

मोटार पुन्हा आनंदाकडे होती. एके दिवशी सकाळी वानखडे मास्तर कुणाला तरी सोडायला बडनेऱ्याला गेले, तर स्टेशनाबाहेर डॉक्टरांची म्हैस उभी! मागच्या गादीवर मेथीच्या टोपल्या, बाजूच्या पायदानांवर वांग्यांची पोती, आणि आनंदाचे भाऊ माल उतरवताहेत.

त्या संध्याकाळी ओसरीवर आनंदाला बोलावणं गेलं. मास्तरांनी जाब विचारला. आनंदा जरासुद्धा ओशाळला नाही. ट्रायल घेत होतो म्हणाला. ट्रायलला भाजी कशाला?

"रिकाम्या गाडीची ट्रायल घेऊन काय फायदा जी? डाक्टरसाहेब का रिकामे बसते तिच्यात?"

पुढे त्यानं असंही सांगितलं, की ओझ्यानं मोटार खाली दबली आणि नाल्यात बसली, तेव्हाच त्याला पाणी नेमकं कुठून शिरतं ते दिसलं. तिथं त्यानं मेणकापडाचा एक तुकडा दोरीनं गुंडाळून बांधला. दिसायला तो दुखऱ्या बोटाला बांधलेल्या चिंधीसारखा दिसायचा. पण त्यानंतर मोटार नाल्यातून सरळ जायला लागली. डॉक्टरांच्या कपड्यांना मात्र आठवडाभर मेथीचा वास येत होता.

आता याला चोर म्हणावं की मिस्त्री? मास्तर म्हणाले चोर. डॉक्टर म्हणाले विचार करू.

*

विचार करून डॉक्टरांनी मोटार अकोल्याला नेली. तिथं एक मोठं गॅरेज निघालं होतं. पाटी इंग्रजी, फिटरच्या अंगात खाकी कोट. फिटर कमी बोलायचा आणि स्वच्छ बोलायचा. डॉक्टरांनी विचारलं, झालं का? तो म्हणाला, "झालं." डॉक्टरांना कानात अत्तराचा फाया ठेवल्यासारखं वाटलं. किती दिवसांनी कुणी 'झालं' म्हणालं होतं!

मोटार धुऊन-पुसून लखलखत होती. येताना मूर्तिजापूरच्या अलीकडे नाला लागला आणि म्हैस मधोमध बसली. मी बरोबर होतो, गुडघाभर पाण्यात उभा. डॉक्टरांनी बॉनेट उघडलं. सगळं चकचकीत होतं, फक्त ते मेणकापड नव्हतं. फिटरनं घाण म्हणून काढून फेकलं होतं.

एका शेतकऱ्यानं बैल जुंपून आम्हाला बाहेर काढलं. आनंदाकडे मोटार गेली तेव्हा तो तिला हात लावायला तयार नव्हता. म्हणाला, "दुसऱ्याच्या हातचं खाऊन आली, आता पोट दुखून राहिलं तं माह्याकडे काहून आणता?"

डॉक्टरांना आता 'दुखून राहिलं'चा अर्थ बरोबर समजला. त्यांना हसू आलं आणि भांडण तिथंच मिटलं.

*

आनंदा काही देव नव्हता. उगाच कुणाचा गैरसमज नको.

एकदा चांदूर रेल्वेच्या बाजूला डॉक्टरांना बोलावणं होतं. त्या गावात वहिनींच्या, म्हणजे डॉक्टरांच्या बायकोच्या, ओळखीचं घर होतं, म्हणून त्याही निघाल्या. आनंदा हॅंडल मारायला आणि मी हवा खायला. अर्ध्या वाटेत मोटार गचकली. आनंदानं कान लावला, डोळे मिटले, आणि आजार खोल आहे असं सांगितलं. मग चटई अंथरून इंजिन खोलायला बसला. ऊन चढत होतं. तिकडे एक बाई अडली होती, आणि डॉक्टर रस्त्यावर येरझाऱ्या घालत होते. इतकं घाबरलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

वहिनींनी तुरीची एक काडी तोडली आणि पेट्रोलच्या टाकीत घालून बाहेर काढली. काडी कोरडी ठणठणीत.

आनंदा काडीकडे बघत राहिला. आता हा काय थाप मारतो म्हणून मी कान टवकारले होते. तो उठला आणि म्हणाला, "चुकलं बाईसाहेब. म्या पायलंच नाई." आणि सांगायच्या आत तो पेट्रोलचा रिकामा डबा घेऊन चांदूरच्या दिशेनं पळत सुटला. तो परत येईपर्यंत डॉक्टर एका बैलगाडीतून पुढे गेले होते. वेळेवर पोचले, बाई सुटली, मुलगी झाली.

परत येताना वहिनी मला म्हणाल्या, "भावजी, आमच्या पुण्याच्या दवाखान्यात 'चुकलं' हा शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकला नाही. अण्णांच्यासुद्धा."

*

दिवाळीच्या तोंडावर अण्णासाहेब आले. मोटारीच्या आणि मिस्त्रीच्या गोष्टी पुण्यापर्यंत पोचल्या होत्या. लेक-जावयाला घेऊनच जायचं असं ठरवून ते आले होते. डॉक्टर रोग्यात अडकलेले, म्हणून मी आणि आनंदा त्यांना आणायला बडनेऱ्याला गेलो. मोटारीत बसता बसता अण्णांनी नाक उडवलं. गादीला कोथिंबिरीचा वास येत होता. मी बाहेर बघायला लागलो.

अण्णा सरळ माणूस. त्यांनी आनंदाला थेटच विचारलं, या गाडीचा भरवसा आहे का?

आनंदा म्हणाला, "गाडीचा काय भरोसा जी? बसली तं बसली. पण मी कुठी जाऊन राहिलो?"

अण्णा दचकले. माझ्या कानाशी लागून म्हणाले, "कुठं जाऊन राहिला होता हो हा? तुरुंगात?"

मोटार वाटेत एकदा बसली आणि एकदा उठली. आनंदा सगळा वेळ बोलत होता, अण्णा सगळा वेळ रामनाम घेत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेलो तेव्हा अंगणात मोटारीचं बॉनेट उघडं होतं. आनंदा आणि डॉक्टर, दोघंही कमरेपर्यंत आत. डॉक्टरांच्या बाह्या वर होत्या आणि कोपरापर्यंत काळं. अण्णा ओसरीवर पाटावर बसलेले, ट्रंक शेजारी बांधून तयार. डॉक्टर गेले तर संध्याकाळी मी आणि मास्तर करणार काय?

अण्णांनी घसा साफ केला. "मग जावईबापू, काय ठरलं? येताय ना पुण्याला?"

डॉक्टरांनी डोकं वर काढलं नाही. आतूनच म्हणाले, "नाही अण्णा. आम्ही इथंच राहून राहिलो."

अण्णा माझ्याकडे बघायला लागले. मी मोटारीकडे बघायला लागलो.

"आणि गाडी?" अण्णांनी विचारलं.

"होऊन राहिली," डॉक्टर आणि आनंदा एकदमच म्हणाले.

"झाली म्हणता? बरं झालं," अण्णा म्हणाले.

तेवढ्यात आतून वहिनींचा आवाज आला, "अण्णा, चहा होऊन राहिला!"

अण्णांनी उपरणं सावरलं, पाट थोडा पुढे ओढला आणि कपासाठी हात पुढे केला.