काळ्या टेपचे दोन वेढे

मला कुठलीही वस्तू उघडून बघितल्याशिवाय चैन पडत नाही. जळगावच्या घरातला मिक्सर, घड्याळ, गॅसची शेगडी, सगळ्यांनी माझा हा छळ सोसलाय. त्यामुळे देवपुरात आईच्या माळ्यावरून वडिलांचा रेकॉर्ड प्लेअर खाली काढला, तेव्हा हातात आधी स्क्रू ड्रायव्हरच आला.

हट्ट मात्र आईचा होता. तिचा डावा कान गेलाय आणि उजवाही आता फार दिवस साथ देणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. घरी आल्यावर ती एवढंच म्हणाली, "कान शेतस तवलोंग एक डाव तरी माले तो बाजा आयकाड." वडील जाऊन सहा वर्षं झाली. एवढ्या काळात तिने मागितलेली ही पहिलीच गोष्ट, मग मी कशाला थांबते!

दोन दिवस खपले. तबकडीखालचं रबराचं चाक कडक झालं होतं, ते भुसावळच्या एका म्हाताऱ्या मेकॅनिककडून बदलून आणलं. नवी सुई बसवली. मोटारीच्या दांड्यावर काळा चिकट थर होता, तो स्पिरिटने खरवडून लख्ख केला. स्वतःवरच खूश झाले. मग फोनवर फेरे मोजायचं ॲप टाकलं आणि फोन फिरत्या तबकडीवर ठेवला. मिनिटाला तेहतीस! वा, म्हटलं, बाई, तू चुकून शिक्षिका झालीस.

वडिलांची आवडती रेकॉर्ड लावली. आई खाटेवर कान पुढे करून बसली. अर्धं गाणं झालं आणि तिने तोंड वाकडं केलं.

"हाई आपलं गानं नही शे. याले तं झोप ई राहिनी."

मला इतका राग आला! "अगं, आकडा बघ, अगदी बरोबर आहे," म्हणून फोन तिच्या नाकासमोर धरला. तिने तो बाजूला सारला आणि विचारलं, "ती काळी पट्टी कोठे शे?"

कुठली पट्टी? मग तिने सांगितलं. लग्नानंतर पिंपळनेरजवळच्या खेड्यात वडिलांची शाळा होती. संध्याकाळी सगळ्या विहिरींवरच्या मोटारी सुरू झाल्या की गावातली वीज मलूल व्हायची आणि गाणं रेंगाळायचं. म्हणून वडिलांनी दांड्यावर वायरमनची काळी टेप गुंडाळून तो जाड केला. जाड दांडा, चाक जोरात. पुढे देवपुरात बदली झाली. इथे वीज दणदणीत, त्यामुळे गाणं पळायला लागलं. वडील टेप काढायला बसले, तर आईनेच हात धरला होता.

म्हणजे मी कचरा समजून खरवडलं ते हे! आणि आम्ही भावंडं लहानपणापासून ती गाणी तशीच पळती ऐकत आलो, हेही मला आज कळत होतं.

चौकातून काळी टेप आणली. पण वेढे किती? ते फोनला माहीत नव्हतं. एक वेढा घातला. आई म्हणाली, "नही." दुसरा घातला. गायिकेचा आवाज बारीक झाला, गाणं घाईघाईने निघालं आणि आईची बोटं खाटेच्या कडेवर ठेका धरू लागली. तिसरा वेढा घालायची गरजच नव्हती.

"पण तेव्हा तू टेप का काढू दिली नाहीस?" मी तिच्या उजव्या कानाशी जाऊन विचारलं.

तेवढ्यात ती बाजू संपली. सुई नुसती खरखरायला लागली तसं आईचं सगळं लक्ष प्लेअरशेजारच्या वडिलांच्या रिकाम्या खुर्चीकडे गेलं.

"लवकर सरनं ना?" ती हसून म्हणाली. "आते तुना बाप उठी, रेकॉर्ड उलटी करी, नि जाता जाता मन्हासंगे दोन शब्द बोली."

मी उठले आणि रेकॉर्ड उलटी केली. मग तिच्याजवळ जाऊन बसले.