नांदायला आणण्याचे दावे

वकिलीत पैसा साठेलच असं नाही, किस्से मात्र न मागता साठतात! एकोणीसशे साठच्या दशकात मी मध्य प्रदेशातल्या बालाघाटला तात्या वकिलांचा ज्युनिअर होतो, तेव्हा तर त्यांची रासच पडली. तात्यांकडचे बहुतेक दावे एकाच जातीचे : बायको निघून गेली, तिला नांदायला आणा! तात्यांचं मतही पक्कं. "नवरा कसाही असो, लेकरं टाकून जाणाऱ्या बाईची बाजू मी ऐकूनसुद्धा घेणार नाही!"

ऑफिस घरातच; आत स्वयंपाकघरात काकूंच्या, म्हणजे तात्यांच्या बायकोच्या, हातातलं भांडं जरा जोरात आपटायचं.

*

लामता गावचा एक शेतकरी आला. तात्यांनी नेहमीचे प्रश्न टाकले.

"दारू पितोस?"

"नाही जी."

"मारतोस?"

"राम राम! हात बी नाही लावला कधी."

"मग गेली काहून?"

"मले का मालूम? मी त् तिच्यासंग बोलतच नाही!"

*

परसवाड्याची एक बाई साक्षीला उभी होती. तात्या गरजले, "लेकरं कोणाच्या भरवशावर टाकून गेलीस?"

"त्याइच्या बापाच्या. काहून, तो त्याइचा कोनी नाही का?"

जज्जसाहेबांनी रुमाल तोंडाला लावला.

*

लांजीच्या एका अशिलाला मीच सुचवलं, "कोर्टबिर्ट सोड. लेकरं घेऊन सासुरवाडीला जा आणि तिला घेऊन ये." पठ्ठ्या गेला. काही दिवसांनी त्याची आई ऑफिसात हजर!

"वकीलसाहेब, तो तिथंच राह्यला! सासरा रोज मासोळी खाऊ घालून राह्यला म्हने. आता माह्या पोराले आनाचा दावा टाका!"

*

आता तात्यांच्याच घरचं. खेड्यातले अशील तारखेच्या आदल्या दिवशी यायचे. मुक्काम तात्यांच्या ओसरीवर, जेवण काकूंच्या हातचं, अशी रीतच होती. बायको गेलेले तर लेकरांसकट यायचे! त्यांची शेंबडी नाकं पुसण्यापासून सगळं काकूंकडे. एका दुपारी तात्यांनी बाहेरून हाक दिली, "अगं, अजून चार पानं वाढ!"

काकू पिशवी घेऊनच बाहेर आल्या. "लोकांच्या गेलेल्या बायकांची कामं मी किती दिवस करू? आज मीही गेले समजा!" आपली तिन्ही मुलं तात्यांच्या हवाली करून त्या नॅरोगेजच्या छोट्या गाडीनं गोंदियाला बहिणीकडे निघून गेल्या.

तात्या रोज कच्ची खिचडी रांधू लागले. धाकटीची वेणी घालायचे, ती शाळेत पोचायच्या आत सुटायची. पोर आईसाठी रडायची. तात्या गोंदियाला जाऊन एकटेच परत आले. "नाही म्हणाली," एवढंच बोलले. मला त्यांची फार कीव आली.

काकू पुढे परतल्या, ओसरीवरची पंगत कायमची बंद करवूनच! पण त्याआधी आमची एक तारीख लागली. दावा नेहमीचाच, आम्ही नवऱ्याकडून.

जज्जसाहेबांनी विचारलं, "वकीलसाहब, औरत बच्चों को छोड़कर चली गई. आखिर क्यों?"

तात्या उठले. चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "हुजूर, क्यों गई, ये मत पूछिए. इतने साल रही कैसे, ये पूछिए!"

मागून आमच्या अशिलानं माझा कोट ओढला.

"साहेब, हे आपलेच वकील होत ना?"