हनुवटीवरचं बेसन

जयनगरच्या त्या मैफिलीत शिरण्याआधी मी गाडीवरची मिरची भजी खाल्ली, तीच चूक. आत टाळ्यासुद्धा न वाजवता, डोळे मिटून ऐकायचं होतं. कुणी खोकलं तर गाणाऱ्या बाई गाणंच थांबवत, आणि त्यांच्या मागे तंबोऱ्यावर आमची बायको, त्यांची शिष्या, पहिल्यांदाच बसलेली. आलाप रंगला आणि माझ्या घशात ठसका आला. श्वास कोंडला, तशा डोळ्यांतून धारा लागल्या. शेजारच्या कानडी आजोबांनी "स्वल्प नीरु?", थोडं पाणी हवं का, म्हणत बाटली पुढे केली, पण तोंड उघडायचीच भीती! आलाप संपेपर्यंत कसाबसा तगलो. अजून मिरची तळल्याचा वास आला की बायकोचं तेव्हाचं बोलणं आठवतं: "बाई विचारत होत्या, रडत ऐकणारे ते रसिक कोण? मी म्हटलं, ओळखत नाही. हनुवटी पुसा, बेसन लागलंय."