मांडीवरची रायफल

माझे वडील वसईला दुसऱ्यांच्या होड्यांवर राबले. ते परत येतील की नाही, या धास्तीत आमच्या संध्याकाळी जायच्या. घरातला पहिला इंजिनिअर मी, आणि हे मी छाती पुढे काढून सांगतो. मस्कतला एका बंदुकांच्या दुकानात दुरुस्ती बघतो.

एकदा एक ओमानी म्हातारा स्वस्तातली परदेशी रायफल घेऊन आला. काडतूस अडकतं, नेम डावीकडे जातो, ही तक्रार. पण आधी कहवा, म्हणजे इकडची कॉफी! रायफल मांडीवर आडवी, नळी माझ्या पोटाकडे, आणि हा थर्मासमधून ओततोय.

"अर्बाब, खाली है ना?" इकडच्या रीतीने त्याला 'मालक' म्हणत मी विचारलं.

"इन्शाल्ला!"

कप संपवला की तो पुन्हा भरायचा. शेवटी भीतीने माझा हात थरथरला आणि कप हलला. इकडे कप हलवला म्हणजे 'पुरे'. त्याने हसून थर्मास बंद केला आणि रायफल माझ्या हातात दिली.

नळी भिंतीकडे वळवून मी बोल्ट ओढला. जिवंत काडतूस टेबलावर पडलं.

म्हातारा त्याच्याकडे बघतच राहिला. "ये बंदूक तो पोती के पलंग के पीछे रहता है," तो पुटपुटला. नातीच्या पलंगामागे, भरलेली!

मी काडतुसांचं वाकडं मॅगझिन बदललं, दुर्बिणीचे सैल स्क्रू आवळले. रेंजवर एकही काडतूस अडकलं नाही, नेमही बसला. या वेळी रायफल रिकामी होऊन, कुलपाच्या पेटीत घरी गेली.