गडद निळी गल्ली

“बघितलंय का ऐकलंय?”

कुणी काहीही सांगितलं की सर मान एका बाजूला कलती करायचे, डोळे बारीक करायचे आणि एवढंच विचारायचे. मी म्हणाले, “सर, औंदा शेंगा महाग होणार.” तर लगेच, “बघितलंय का ऐकलंय?” अहो, होणार आहेत त्या शेंगा मी बघायच्या कशा? तुमच्याही ओळखीत असेल असा एखादा. चहा गरम आहे म्हटलं तरी पुरावा मागणारा.

मुलींच्या शाळेच्या फाटकासमोर माझं वह्या-पेनांचं दुकान आहे. कोणता मास्तर शिकवतो आणि कोणता नुसती हजेरी घेतो, हे मला पोरींच्या खरेदीवरून कळतं. भूगोलाचा मास्तर म्हणजे माझ्या लेखी कोरे नकाशे. जगाचे, भारताचे, महाराष्ट्राचे. सोलापूरच्या नवी पेठेतून मी गठ्ठेच्या गठ्ठे आणायची आणि सहामाहीच्या आत संपवायची. हे सर आले आणि त्या वर्षी गठ्ठ्याची दोरीसुद्धा सुटली नाही.

शेवटी विचारलंच. “सर, नववीच्या पोरी नकाशे का नेईनात?”

“विकतच्या नकाशात नावं भरता येतात आजी, पाय ठेवता येत नाही. आधी आपली गल्ली काढू द्या. आफ्रिका कुठं पळून जात नाही.”

आफ्रिका पळत नाही, गिऱ्हाईक पळतं, हे त्यांना कोण सांगणार? वर माझ्याच पायरीवर पोरी मोजायची टेप लावून बसल्या. माझी नात त्याच वर्गात. तिच्या नकाशात माझं दुकान शेंगदाण्याएवढं आणि पुढची गटार चांगली बोटभर रुंद. “अगं, आजीचं दुकान जरा मोठं काढावं की!” म्हटलं, तर म्हणते, “आजी, प्रमाण असतं.” घरात खायचं आमच्या आणि प्रमाण सरांचं.

ह्याला ते केस स्टडी म्हणायचे. पुस्तकातला धडा घ्यायचा आणि तो आपल्या गावात कुठं घडतोय ते हुडकायला पोरींना पिटाळायचं. पिकांचा धडा आला तेव्हा सगळा वर्ग बाजारात नेला. एका धान्याच्या दुकानावर ‘अस्सल मंगळवेढा ज्वारी’ अशी पाटी. पोरींनी दुकानदाराला घेरलं. काका, मंगळवेढ्याजवळचं गाव कोणतं? तिथली जमीन कसली? पेरली कधी, काढली कधी? दुकानदार आधी हसला, मग घामेजला, मग पाटीकडं बघायला लागला. शेवटी म्हणाला, “पोरीहो, घ्यायची आसंल तर घ्या, न्हायतर फुडं चला की!” आणि वाटेला लावायला मूठमूठ फुटाणे दिले. सर फुटाणे खात माझ्या दुकानात आले, अगदी खुशीत. “आजी, माणूस चिडला म्हणजे प्रश्न बरोबर लागला.”

मला तेव्हाच कळायला हवं होतं की हा माणूस आज बाजारात गेलाय, उद्या आपल्या दारात येणार. यायला लांबून यायचं नव्हतंच. सर आमच्याच गल्लीत राहायचे, माझ्या घरासमोर, अण्णांच्या तळमजल्यावरच्या खोलीत. सोबत म्हातारी आई. तिचे गुडघे गेलेले, जिना चढायचं नाव नाही. शाळेपासून जवळ, तळमजला, नळ दाराशी. सोलापुरात अशी खोली मिळाली तर माणूस मालकाच्या पुढं मान खाली घालून राहतो. हे राहिले मान कलती करून.

मग आला पाण्याचा धडा.

आमच्याकडं नळाला रोज पाणी येत नाही. मध्ये दिवस जातात आणि मग गल्लीची पाळी येते. पाळीच्या दिवशी महापालिकेचा चावीवाला येतो, खड्ड्यात लांब लोखंडी चावी घालतो, आमची गल्ली सोडतो. आमची भरली की बंद करायची आणि मागच्या गल्लीची सोडायची, असा रिवाज. आता मला सांगा, उन्हातान्हात माणूस दारात आला तर त्याला नुसता जाऊ द्यायचा? आमच्या गल्लीची तशी रीतच नव्हती. अण्णांच्या ओट्यावर त्याला बसवायचं. कुणाकडची भजी, कुणाकडची कडक भाकरी आणि शेंगाचटणी, माझ्याकडचा चहा. तो बिचारा निवांत खायचा, घरचं सांगायचा. चावी भिंतीला टेकलेली, पाणी चालू. आमच्या टाक्या भरून वाहायच्या, ओटे धुऊन व्हायचे, अण्णांची स्कूटर धुऊन व्हायची. मग तो उठायचा. मागच्या गल्लीला जेवढं उरेल तेवढं.

लाच नव्हे हो. पाहुणचार. आम्ही सगळ्या बायका ह्या बाबतीत एकदम स्पष्ट होतो.

मागच्या गल्लीत मागावर काम करणारी तेलुगू घरं. घरात चादरींचे माग, बाहेर रिकाम्या घागरींची रांग. त्या लोकांना वाटायचं, आपली गल्ली चढावर आहे म्हणून पाणी चढत नाही. आम्हीही तेच म्हणायचो. म्हणायचो कसलं, आम्हीच त्यांना सांगितलं होतं.

एका संध्याकाळी नात दुकानात आली. “आजी, गडद निळं स्केचपेन दे. संपलं.”

“एवढं निळं कशाला? समुद्र काढलाय का?”

“नाही. आपली गल्ली.”

आणि तिनं काउंटरवर गुंडाळी उलगडली. सगळ्या पोरींनी आपापल्या गल्लीत पाणी कधी आलं आणि कधी गेलं ते घड्याळ लावून बघितलं होतं. जास्त पाणी तिथं गडद निळं, कमी तिथं फिकट. आमची गल्ली अशी निळी की कागद ओला झाल्यासारखा. आणि पाठीला पाठ लावून मागची गल्ली जवळजवळ पांढरी. वर झोकात लिहिलं होतं, शाळेच्या प्रदर्शनासाठी.

मी दुकान बंद केलं, नातीला घेऊन घरी आले आणि समोरच्या खोलीत निरोप धाडला. सर आले, मागोमाग चाहूल लागून अण्णाही आले.

“सर,” मी म्हणाले, “चित्र छान आहे. जरा फिकट करा की.”

“आजी, रंग मी दिलेला नाही. पोरींनी बघितलंय.”

“पोरींचं काय ऐकता? ती गल्ली चढावर हाय.” हे अण्णा.

“बघितलंय का ऐकलंय? पोरींनी नळीत पाणी भरून दोन्हीकडची पातळी बघितली. चढ आपल्याकडं आहे, अण्णा. ते खाली आहेत.”

अण्णांचा चेहरा बघण्यासारखा झाला. “मास्तर, माझ्या घरात राहता, माझ्याच नळाचं पाणी पिता.”

“म्हणून माझी खोलीही त्या निळ्यातच धरलीय. वगळली नाही.”

“ह्ये भिंतीवर लागलं तर खोली खाली करायची. आईला घेऊन कुटं जाताय ते बघा.”

समोर त्यांची आई दारात पाय पसरून बसली होती, गुडघ्यांना तेल चोळत. सरांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्या नातीकडं. ती स्केचपेनचं टोपण काढून उभी होती.

“भर,” सर तिला म्हणाले. “कोपरा राहिलाय.”

काय म्हणावं ह्या माणसाला? थोडा पाण्याचा हात फिरवला असता, निळं पुसट झालं असतं, कुणाचं काय बिघडलं असतं? मी तोंडावर म्हणालेसुद्धा, “सर, तुम्हाला नकाशा कळतो, गल्ली कळत नाही.” त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की ऐकलं म्हणून, देव जाणे. आणि हो, ते निळं स्केचपेन मीच विकलं. धंदा आहे.

प्रदर्शनात नकाशा लागला. मागच्या गल्लीतली एक बाई, तिची पोर त्याच वर्गात, समोर येऊन उभी राहिली. बोटानं आपलं घर हुडकलं. “अय्यो, आमची गल्ली रंगवायची ऱ्हायली की.”

“राहिली नाही, काकू,” माझी नात म्हणाली. “पाणी एवढंच येतं.”

शेजारच्या निळ्यावर त्या बाईनं बोट ठेवलं आणि माझ्याकडं बघितलं. मी लगेच शेजारच्या टेबलावरचा ज्वालामुखी बघायला गेले. खायचा सोडा आणि लाल रंग, दरवर्षी तोच.

पुढं काय झालं ते तुम्ही ओळखलंच असेल. मागची गल्ली घोळक्यानं महापालिकेत गेली, मोबाइलमध्ये नकाशाचा फोटो घेऊन. चावीवाल्याची बदली झाली. नवीन आला तो डबा घरून आणणारा. ओट्यावर बसेना, चहा घेईना. आमचं पाणी मागच्या गल्लीएवढं झालं. टाक्या अर्ध्यावर, स्कूटर धुळीची.

आणि आमच्या गल्लीनं आपला मोठेपणा दाखवला. सर दिसले की दारं लागायची. नळावर बायका मुद्दाम मोठ्यानं म्हणायच्या, “टाकी रिकामी हाय म्हणं! बघितलंय का ऐकलंय?” सर नुसते हसायचे. त्याचाही आम्हाला राग. चिडवलेलं लागत नसेल तर चिडवून उपयोग काय?

अण्णांनी महिन्याची मुदत दिली. सर खोली शोधायला लागले. तुम्ही म्हणाल, मागच्या गल्लीनं त्यांना डोक्यावर घेतलं असेल. घेतलं की! शाल दिली, नारळ दिला, घरच्या मागावरची चादर दिली. खोली दिली नाही. तिथं दोन खोल्या रिकाम्या होत्या, मी बघितल्यात. सरांनी विचारलं तेव्हा तिथला एक म्हातारा म्हणाला, “सार, तुमी लई चांगला माणूस. पन आमच्यातबी काही घरांत नळाला मोटार हाय. उद्या तुमी त्ये रंगवलं तर?”

बघा आता. अर्ध्या टाकीच्या त्या दिवसांत मला हसू आलं ते तेवढंच. पांढऱ्या गल्लीलाही काळजी निळ्याचीच.

शाळेनं काय केलं विचारू नका. संस्थेच्या लोकांनी नकाशापुढं उभं राहून फोटो काढले, ‘उपक्रमशील शिक्षक’ म्हणून कागदी फुलांचा गुच्छ दिला आणि सरांनी संस्थेच्या कुर्डुवाडीच्या शाळेत बदली मागितली तेव्हा ती केवढ्या चपळाईनं दिली! एरवी ह्यांच्याकडं खडू मागितला तर आठवडा जातो. आता नवीन सर आलेत. सज्जन. गल्लीत फिरत नाहीत, काही विचारत नाहीत. पोरी ॲमेझॉन निळ्यानं भरतात, सहारा पिवळ्यानं. माझे नकाशे पुन्हा गठ्ठ्यानं जातात. नात तेवढी माझ्याकडून नेत नाही.

सर गेले तो दिवस आमच्या पाण्याचा होता. टेम्पो सकाळीच गल्लीच्या तोंडाशी लागला. सामान चढलं, आईला दोघांनी उचलून पुढं बसवलं. तेवढ्यात नळ सुटला आणि सगळी गल्ली नळाला लागली. टेम्पोवाला ओरडला, “सर, चला की! ऊन वाढतंय!”

“थांब जरा. आत्ता कोण सोडून येणार? पाणी जाऊ दे, मग येतील सगळे भेटायला.”

मी हंडा भरता भरता ते ऐकलं. असा राग आला मला! एवढी गल्ली मोजली, आणि माणसांचा हिशेब हा?

पाणी गेलं. अण्णा पाइप गुंडाळायला लागले, फार जपून, जणू सोन्याचा. बायकांनी हंडे उचलले. एकेक दार लागलं. सर टेम्पोशी उभे, हात शर्टाला पुसत, नमस्कार करायची तयारी करून.

मी आत जाऊन तांब्या भरला आणि बाहेर आले. गल्लीभर खिडक्यांचे पडदे हलले. मी सरांच्या आईपुढं तांब्या धरला. “वाटेत ऊन लागेल. घ्या.”

“आजी, आता तुम्हालाच कमी पडतंय,” सर म्हणाले.

“हे मोजायचं न्हाय,” मी म्हणाले. “प्या गुमान.”

आई वरून धार धरून प्याली. उरलेलं सर प्याले. टेम्पो हलला. मी तांब्या पालथा केला आणि तसाच, सगळ्यांना दिसेल असा हातात धरून, एकेका बंद दारासमोरून सावकाश घरी आले.