मला ऐकू आलं नाही

भोसरीतल्या वर्कशॉपांमध्ये मला सगळे ‘मेजर’ म्हणतात. मी नौदलात होतो आणि नौदलात मेजर नसतो, हे सांगून सांगून तोंडाला फेस आला. आता कुणी हाक मारली की मी सरळ ओ देतो. पंधरा वर्षं मी गस्ती विमानाच्या पोटात बसून समुद्राखालच्या पाणबुड्या ऐकल्या. हो, ऐकल्याच. विमानातून आम्ही लांबट डबे पाण्यात टाकायचो, त्यांतला माइक वायरीला लटकत खोल जायचा आणि पाण्यातला आवाज आमच्या कानांत यायचा. नोकरी संपल्यावर चाकणच्या एका कंपनीत मशीनदुरुस्ती शिकलो. आता पिंपळे गुरवहून स्कूटर काढतो आणि ज्याची मशीन कुरकुरते त्याच्याकडे जातो. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक मशीनला लावायचं, मूठ कानामागच्या हाडाला, की अर्ध्या मिनिटात सांगतो कुठलं बेअरिंग गेलंय. यात माझा हात धरणारा या पट्ट्यात कुणी नाही, असं मी म्हणायचो, आणि ते खोटं नव्हतं.

बायको मात्र वर्षभर सांगत होती की आपल्या टीव्हीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जातो. मी तिला म्हणायचो, टीव्हीच जुना झालाय.

मागच्या उन्हाळ्यात एका वर्कशॉपच्या मालकाचा फोन आला. माणूस मूळचा भोसरीचाच, वडिलांच्या शेतातच शेड उभी केलेला. “मेजर, जरा येऊन कान लावा. पोरगी म्हनतीय मशीन कुरकुरतीय. दोघं जन ऐकून गेली, त्यान्ला काय बी घावलं न्हाई.”

पोरगी म्हणजे त्याची नवी ऑपरेटर. लातूरकडची, आयटीआय केलेली, लोखंड कातणारी मोठी सीएनसी लेथ चालवणारी. मी पोचलो तेव्हा चार-पाच जण गंमत बघायला जमले होते. मालकानं माझ्यासमोरच तिला सुनावलं, “मशीन उघडली तर दोन दिस काम बंद. आत काय निघालं न्हाई, तर तू पॅकिंगला जायचं.” मग माझ्याकडे वळून म्हणाला, “मेजर म्हनतील ते फायनल.” ती माझ्याकडे बघत राहिली.

मी ऐटीत स्क्रू ड्रायव्हर लावला. मोटरची घरघर होती, बाजूच्या प्रेसचा दणका होता, आणि त्यापलीकडे काही नव्हतं. दुसऱ्या कानाला लावून बघितला. तरी तेच. ‘काही नाही’ हे दोन शब्द माझ्या ओठांवर आले आणि तिथंच अडकले.

त्या दोन शब्दांवरून मी एकदा बोलणी खाल्ली होती. उत्तरेत सीमेवर लढाई पेटली होती आणि आम्ही रोज तासन्‌तास अरबी समुद्रावर घिरट्या घालत होतो. तेलाची जहाजं बंदराकडे येत होती. त्यांच्या वाटेवर पाण्याखाली कुणी दबा धरून बसलंय का, हे आम्हाला शोधायचं होतं. पहिल्याच फेरीत मी वहीत लिहिलं, ‘काही नाही’. माझे साहेब कोकणातले, वीस वर्षं हेच काम केलेले, आणि त्यांच्या कानांचं अख्ख्या तळावर कौतुक. त्यांनी ते खोडलं. “समुद्रात काय आहे नि काय नाही, हे तू कोण रे ठरवणार? तुला ऐकू आलं नाही. तेवढंच लिही.”

आठवड्यानं एका दुपारी मला तिसऱ्या डब्यातून काहीतरी लागलं. पाण्यात कोळंबीची चटचट असते, मच्छीमार बोटींची डुगडुग असते. त्या सगळ्याखाली, दूर कुणीतरी सुपात धान्य पाखडत असावं तसा एक मंद आवाज. साहेबांनी हेडफोन लावला आणि डोळे मिटून बराच वेळ ऐकलं. मग मला एकेक प्रश्न विचारत गेले. वाढतोय की कमी होतोय? सलग आहे की तुटक? माझी उत्तरं ऐकून त्यांनी वैमानिकाला कळवलं, “मला ऐकू येत नाही. पोराला येतंय. मागे वळा.”

विमान वळलं, आणखी डबे पडले, आणि त्यांतल्या दोन डब्यांतून तो आवाज स्वच्छ आला. पाणबुडीच होती. जहाजांना वाट बदलायला लावली आणि ती सुखरूप बंदराला लागली. पाणबुडी कुणाची होती, हे आम्हाला कुणी कधी सांगितलं नाही.

परतताना माझी छाती अशी फुगलेली की पट्टा काचत होता. मी साहेबांना थर्मासमधला चहा ओतून दिला. त्यांनी कप हातात धरून ठेवला, प्यायलेच नाहीत, खिडकीबाहेर बघत बसले. मला वाटलं, नाव पोराचं झालं म्हणून साहेब रुसले. इतकी वर्षं मी तेच धरून बसलो होतो.

तर मी स्क्रू ड्रायव्हर मुलीच्या हातात दिला. “सांग, कसा येतोय आवाज?”

“बारीक आहे काका. मधूनमधून टक करायलंय.”

“दर फेऱ्याला?”

“नाही. फेऱ्याशी जुळेना झालंय.”

मनानं रचून सांगत असती, तर ती माझ्या प्रश्नाला हो म्हणाली असती. पण बेअरिंगमधल्या गोळ्या शाफ्टच्या तालावर फिरत नाहीत, त्यांचा ताल वेगळा असतो. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. तिनं ते ऐकलं होतं.

“मला ऐकू आलं नाही,” मी सगळ्यांदेखत म्हणालो. “हिला येतंय, आणि ती बरोबर सांगतेय. मशीन उघडा.”

“मेजर, तुमाला न्हाई आलं?” मालकाचा विश्वासच बसेना.

“नाही आलं. माझे कान गेलेत.” बोलून गेलो खरा. मला फार वाईट वाटलं, ते कशाला लपवू?

चारच्या सुमाराला बेअरिंग बाहेर आलं. आतल्या गुळगुळीत कड्यावर राजगिऱ्याएवढा खड्डा पडला होता. मालकानं तो नखानं चाचपला आणि मुलीला म्हणाला, “उद्या नवीन आणतो. मेजर सांगतील तसं तूच बसव.” पॅकिंगचं त्यानं पुन्हा नाव काढलं नाही.

मी शेडबाहेर बाकावर येऊन बसलो. साहेब तेव्हा खिडकीबाहेर काय बघत होते, ते मला तिथं कळलं. ते रुसले नव्हते. त्या दुपारी त्यांचे कान त्यांना सोडून गेले होते, आणि शेजारी बसून मला तेवढंही ऐकू आलं नव्हतं.

मुलगी दोन कप चहा घेऊन आली. एक माझ्या हातात देऊन जरा घुटमळली. “काका, राग आला का हो तुम्हाला?”

“नाही गं,” म्हटलं, आणि चहा गरम होता तोवर पिऊन टाकला.